पट्टी कोणाची?

जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्लंडचा गिटारवादक. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं नाव जगभर झालं होतं. माइल्स डेव्हिससोबत वाजवून झालं होतं, स्वतःचा 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' गाजत होता, विजेच्या गिटारवर त्याच्या वेगाला तोड नव्हती. अशा माणसाने अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्यासमोर बसून वीणेचे धडे घेतले आणि पुढे आपली गिटारच बदलून घेतली. एब वेक्टर या कारागिराने गिब्सन कंपनीत त्याच्यासाठी जी गिटार घडवली, तिच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलं होतं. तार नुसती दाबून भागत नाही, ती ओढता आली पाहिजे, तरच मींड आणि गमक निघते, म्हणून हे कोरीवकाम. शिवाय मुख्य तारांखालून तिरक्या जाणाऱ्या सात तारा, आपल्या तरफांसारख्या. ही गिटार घेऊन तो मांडी घालून बसला. शेजारी एल. शंकर यांचं व्हायोलिन, माहीममध्ये वाढलेल्या झाकीर हुसेन यांचा तबला आणि टी. एच. विनायकराम यांचा घटम. 'शक्ती' नावाचा हा चमू. त्यांची पहिली तबकडी 1976 साली आली, ती 1975च्या एका मैफिलीचं ध्वनिमुद्रण होतं.

देशोदेशीचे वादक एकत्र आले, लोकसंगीत, जॅझ आणि अभिजात संगीत यांचा मेळ घातला, अशा जाहिराती हल्ली पुण्या-मुंबईच्या महोत्सवांत सर्रास दिसतात. त्यांतलं खरं काय आणि वरवरचं काय, हे ओळखायला मला ती कोरलेली गिटार पुरेशी वाटते. मंचावर किती देशांचे लोक बसलेत हे मोजून काही कळत नाही. कोणी कोणासाठी आपल्या वाद्यात, आपल्या बैठकीत, आपल्या सवयीत काय बदल केला, हे पाहावं. आणि ज्याच्याकडे नाव, पैसा आणि माइकची सत्ता जास्त, त्याने आधी बदलावं. हे झालं नाही तर मिलाफ होत नाही, नुसती भरती होते.

'शक्ती'मध्ये हे झालं. विनायकराम यांच्या घटमचंच बघा. कर्नाटक संगीताच्या मैफिलीत घटम हे मृदंगाच्या मागे बसणारं दुय्यम साथीचं वाद्य. मातीचा घडा, त्याला कातडं नाही, तार नाही, पोटाशी धरून बोटांनी आणि तळव्यांनी वाजवायचा. त्या घड्याला या चमूत तबल्याच्या बरोबरीची जागा मिळाली. तो सवाल करू लागला आणि तबल्याला जबाब द्यावा लागला. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम हे दोघं तोवर एका देशात राहूनही एकमेकांच्या मैफिलीत फारसे जात नव्हते. त्यांच्यातलं अंतर कमी व्हायला एक परका माणूस खाली बसावा लागला, याचं मला अजूनही नवल वाटतं. पुढे 1997 नंतर हा चमू 'रिमेंबर शक्ती' म्हणून पुन्हा उभा राहिला. चेंबूरमध्ये वाढलेले, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले शंकर महादेवन त्यात आले. 2023च्या 'धिस मोमेंट' या तबकडीला फेब्रुवारी 2024मध्ये ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी 15 डिसेंबरला झाकीरभाई गेले.

आपल्या मराठी मुलखाशी याहून जवळचं उदाहरण त्रिलोक गुर्टू यांचं आहे. ठुमरीच्या थोर गायिका शोभा गुर्टू यांचे ते चिरंजीव. शोभाताई बेळगावच्या, त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर स्वतः गायिका आणि नर्तिका. या घरातला मुलगा तबला शिकला आणि जॅझच्या ड्रमकडे वळला. पण त्याने ड्रमसेट आहे तसा घेतला नाही. खुर्चीवर बसून पायाने मोठा ड्रम ठोकायची रीत सोडून तो जमिनीवर गुडघा टेकून वाजवू लागला. तबला, झांजा, घंटा हाताशी आणि पाण्याची बादलीही, घंटा वाजवून पाण्यात बुडवली की सूर घसरत जातो तो ऐकण्यासाठी. 'ओरेगॉन' या अमेरिकी चमूचे कॉलिन वॉलकॉट 1984 साली अपघातात गेले, त्यांच्या जागी त्रिलोक यांना बोलावलं गेलं. 1988च्या 'उसफ्रेत' या त्यांच्या तबकडीत अमेरिकेचा डॉन चेरी ट्रंपेटवर आहे, राल्फ टाउनर गिटारवर, स्वीडनचा योनास हेलबोर्ग बासवर, फ्रान्सचा डॅनिएल गोयोन पियानोवर आणि गायला आहेत शोभाताई. ही तबकडी ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. शोभाताई आपल्याच ढंगाने गातात. ठुमरी, कजरी, होरीतून आलेली त्यांची लडिवाळ खेच कुठे कापलेली नाही. हालचाल करतात ते बाकीचे. मुलाने आईला आपल्या बँडमध्ये बसवलं, तेव्हा बँडला आईच्या आवाजाप्रमाणे जागा करून घ्यावी लागली.

इथवर सगळं चांगलं आहे. पण या दोन्ही उदाहरणांत जॅझ आहे, अभिजात संगीत आहे, उपशास्त्रीय म्हणून मान मिळालेलं गाणं आहे. लोकसंगीत जेव्हा अशा मिलाफात येतं, तेव्हा काय होतं? माझी खरी तक्रार तिथे आहे.

मी वलगावचा. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की पेढी नदीच्या काठी आमचं गाव. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी इथेच देह ठेवला. याच जिल्ह्यात यावलीला तुकडोजी महाराज जन्मले, मोझरीला 1935मध्ये त्यांनी गुरुकुंज उभारलं. त्यामुळे इकडे ज्या गावात जाल त्या गावात गुरुदेवाचं भजनी मंडळ आणि त्यात खंजिरी. लाकडी कडं, एका तोंडाला ताणलेलं कातडं, कड्यात बसवलेल्या पितळी चकत्या. डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. डाव्या हाताची बोटं आतून कातड्यावर दाब देतात आणि आवाज जाड-बारीक होतो. दिसायला सोपं, हात बसायला वर्षं जातात.

असंच एक मंडळ शहरातल्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला गेलं होतं, तेव्हा मी सोबत होतो. एका बाहेरच्या बँडला आपल्या गाण्यात 'विदर्भाचा लोकरंग' हवा होता. गिटार, सॅक्सोफोन, की-बोर्ड आधीच वाजवून ठेवले होते. त्यावर मंडळाने गायचं. आमचे बुवा आयुष्यभर पांढरी चारमध्ये गातात, त्यांचा टिपेचा सूर त्या पट्टीत लखलखतो. तयार ट्रॅक होता काळी एकचा. बुवा खाली उतरले. खालच्या पट्टीत त्यांच्या आवाजातला सगळा ताण गेला, हा माणूस कोणी भलताच आहे असं वाटू लागलं. पावसाळी हवा, खंजिरीचं कातडं सैल पडलं होतं. शेकायला शेगडी नाही म्हणून वाजवणाऱ्याने ती हॅलोजन दिव्यासमोर धरली. तेवढ्यात त्याच्या कानावर हेडफोन आला आणि त्यात टिक-टिक सुरू झाली.

त्या टिक-टिकीने सगळ्यात जास्त नुकसान केलं. खंजिरीचं भजन एका लयीत राहत नाही. ते संथ सुरू होतं, धृपदाच्या फेऱ्यांनी अंगात येतं, झीलकरी सूर उचलून धरतात, मग खंजिरी उठाव घेते आणि दुगणीला जाते. लय वाढते ती ऐकणाऱ्यांच्या टाळ्यांनी, माना डोलण्याने. समोर बसलेली माणसं ती वाढवतात. हेडफोनातल्या टिक-टिकीला यातलं काही माहीत नाही. खंजिरीवाला पुढे गेला की काचेपलीकडून हात वर व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यांनी चार मात्रांचा एक नीट तुकडा कापला आणि तोच गाणंभर चिकटवला. चकत्यांचा आवाज बोचतो म्हणून तोही खाली केला. प्रत्येकाला पाकिटातून काही रक्कम मिळाली. गाणं आलं तेव्हा सॅक्सोफोनवाल्याचं नाव होतं, गिटारवाल्याचं होतं, ध्वनिमुद्रकाचं होतं. मंडळाच्या जागी 'पारंपरिक' एवढाच शब्द होता.

हे वाचून वऱ्हाडातल्या माणसाला कापूस आठवेल. 1853मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक आमच्या काळ्या मातीने भागवली. कापूस गाठी बांधून गेला आणि कापड होऊन परत आला. किंमत कापडाला होती, कारण कारागिरी कापडात आहे असं मानलं गेलं. लोकसंगीताला कच्चा माल समजण्यात हाच समज आहे. यात शेतकऱ्याची काही अक्कल नाही, सगळी अक्कल गिरणीत.

हा समज मुळातच चुकीचा आहे. जॅझवाल्यांना आणि शास्त्रीय गाणाऱ्यांना अभिमान असतो तो उत्स्फूर्ततेचा. जागच्या जागी सुचणं, समोरच्याला उत्तर देणं, ठरलेल्या चौकटीत नवं घडवणं. मग गाडगेबाबांच्या कीर्तनात काय होतं? त्यांचं 8 नोव्हेंबर 1956चं, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे, ते मिळवून ऐकावं. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकतात, लोक उत्तर देतात, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. कर्ज, दारू, नवससायास, शिवाशिव, पोरांची शाळा. मध्येच नामगजर येतो आणि सगळा जमाव एका ठेक्यात येतो, मग गजर थांबतो आणि पुन्हा बोलणं. बोलण्यालाही लय, गजरालाही लय, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची वेळ बाबा ठरवतात, ती आधी कुठे लिहिलेली नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये प्रवचनकार आणि जमाव यांच्यात चालणारे साद-प्रतिसाद हे जॅझचं एक मूळ मानलं जातं. त्या मुळाच्या इतकं जवळचं काही आमच्या मातीत असताना, आमच्याकडून घ्यायचा तो चार मात्रांचा तुकडा?

इथे मला कोणी शुद्धतेचा कैवारी समजेल, म्हणून स्पष्ट सांगतो. लोकसंगीत शुद्ध राहिलं पाहिजे असं मी म्हणत नाही. ते कधीच शुद्ध नव्हतं. आमच्या भजनी मंडळांनी हार्मोनियम कुठल्या काळी आपलीशी केली. आकाशवाणीने 1940मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती उठायला 1971 उजाडलं, पण गावच्या मंदिरातली पेटी त्या तीस वर्षांत एक दिवस बंद पडली नाही. लग्नातल्या बँडचे ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन इंग्रजांच्या लष्करी बँडातून आले आणि वरातीत नाचायच्या ठेक्याला जुंपले गेले. त्यांची पट्टी, त्यांची लय, त्यांचा सूर लावायचा ढंग, सगळं आमच्या बँडवाल्यांनी आपल्या सोयीने वाकवलं. गोव्याच्या वादकांनी हेच मुंबईत मोठ्या प्रमाणावर केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईत सेंट झेवियर्सच्या आवारात शंभरावर वादकांचा वाद्यवृंद बसवला आणि रागांवर रचलेल्या आपल्या सिंफनीच्या धर्तीच्या रचना सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. आणि दूर कशाला, अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी फारसी-उर्दूतली गझल मराठीत रुजवली. रुजवताना तिचे नियम आधी आत्मसात केले, नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, आणि मग त्या नियमांत अस्सल मराठी बोलले. दुसऱ्याच्या घरचा कायदा शिकून घेणं म्हणजे काय, हे भटांकडून शिकावं.

म्हणजे मिसळण्याला माझा विरोध नाही. मिसळताना एकच बाजू सारखी वाकत असेल, तर त्याला विरोध आहे.

अभिजात संगीताकडून लोकसंगीतापाशी जाण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण कुमार गंधर्वांचं. 1948मध्ये ते क्षयाने आजारी होऊन देवासला गेले, वर्षानुवर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानी पडत होती. बरे झाल्यावर त्यांनी ती गोळा केली, त्यांची स्वरलिपी केली आणि त्या धुनांमधून राग निघतात हे दाखवलं. धुनउगम राग म्हणतात ते हेच. शास्त्र वर आणि लोकगीत खाली ही उतरंड त्यांनी उलटी केली. लोकगीत हे उगमस्थान आहे असं एवढ्या मोठ्या गवयाने म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. कुमारांविषयी मला अपार आदर आहे, आणि तरी एक गोष्ट मनात राहतेच. माळव्याच्या गीतांच्या मैफिली कुमारांनी केल्या. गीतं मंचावर आली, ती गाणाऱ्या बायका खिडकीबाहेरच राहिल्या. त्या काळात याहून वेगळं होणं कठीण होतं. आज ते कठीण नाही.

डॉ. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या कोटी मांडल्या, तेव्हा आदिम, लोक, भक्ती, कला, जन यांच्या जोडीला संगम संगीत ही एक वेगळी कोटी मानली. ही मांडणी मला महत्त्वाची वाटते, कारण त्यात लोकसंगीत ही कलासंगीताची बाल्यावस्था ठरत नाही. ती स्वतंत्र कोटी आहे, तिचे स्वतःचे निकष आहेत. मग संगमाच्या वेळी त्या निकषांनाही मत असायला हवं. लय वाढवणं ही शास्त्रीय गाण्यात बेशिस्त ठरेल, भजनात तो धर्म आहे. टिपेला आवाज फाटणं सुगम गाण्यात दोष, पोवाड्यात ती ताकद. चकत्यांचा खणखणाट ध्वनिमुद्रकाला बोचतो, पण तो काढला तर खंजिरी उरते का?

यावर एक उत्तर नेहमी येतं. बँडने घेतलं म्हणून तरी तरुण पोरं ऐकतात, नाहीतर हे सगळं विस्मरणात जाईल. यात तथ्य आहे. आमच्याच मंडळातल्या पोरांना गाणं मोबाईलवर आलं याचा आनंद झाला होता, आणि तो आनंद मी खोटा ठरवणार नाही. काहींना उद्या स्वतःच टिक-टिकीवर वाजवावंसं वाटलं तर तो त्यांचा अधिकार आहे. पण पोहोचवण्याच्या बदल्यात नाव सोडावं लागतं, हा व्यवहार कोणी ठरवला? अमेरिकेतला बँजो हा गुलामांच्या हातून आलेला, तिथल्या डोंगराळ लोकसंगीताचा बाजा. बेला फ्लेक तो बँजो घेऊन झाकीर हुसेन, राकेश चौरसिया आणि अभिजात संगीतातले डबल बासवादक एडगर मेयर यांच्यासोबत बसला, तेव्हा 'अ‍ॅज वुई स्पीक' या तबकडीवर चौघांचीही नावं होती, आणि 2024चं ग्रॅमीही चौघांचं. तिथे लोकवाद्य नावासकट पोहोचलं. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडा यांचं मात्र तसं झालं नाही. त्यांनी 1939 साली गायलेलं 'एमबुबे' जगभर 'द लायन स्लीप्स टुनाइट' म्हणून फिरलं, हक्क दहा शिलिंगांना गेले, ते 1962मध्ये गरिबीत वारले आणि त्यांच्या लेकींना तडजोडीतून काही मिळायला 2006 साल लागलं.

आपला कायदाही याबाबतीत अगदीच आंधळा नाही. परंपरेच्या चालीवर कोणाचा कॉपीराइट नसतो, हे खरं. पण चाल परंपरेची असली तरी वाजवणारा हात त्या माणसाचा असतो. 1994मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाचे हक्क आले, आणि 2012च्या दुरुस्तीने व्यापारी वापर झाला तर कलावंताला रॉयल्टी मिळण्याची तरतूद झाली. खंजिरीवाला त्यात बसतो, संबळवाला बसतो, हलगीवाला बसतो. 'पारंपरिक' असं लिहून जो निसटतो तो चालीपुरता निसटतो, माणसाचं देणं उरतंच. पाकिटासोबत एक कागद का येत नाही, हा प्रश्न आमच्या मंडळांनी विचारायला शिकलं पाहिजे, आणि अमरावतीच्या विद्यापीठाने, ज्याला गाडगेबाबांचंच नाव आहे, ते शिकवायला पुढे आलं पाहिजे. गावोगावच्या मंडळांची ध्वनिमुद्रणं, वाजवणाऱ्यांच्या नावानिशी, तारखेनिशी, एका जागी जमा करणं हे काम मोठ्या पैशाचं नाही.

बँडकडून माझी अपेक्षा मॅक्लॉफ्लिनने जेवढं केलं तेवढीच आहे. आधी येऊन बसा. बुवांची पट्टी विचारा आणि सॅक्सोफोनने ती धरावी. टिक-टिक काढून टाका आणि लय वाढेल तिथे वाढू द्या. चांगल्या जॅझ वादकाला हे जड जाणार नाही, समोरच्याचं ऐकून वाजवणं हाच तर त्याचा धंदा. परतवाड्यापुढे मेळघाटात गेलात तर कोरकूंचं फगव्याचं गाणं मिळेल. कोरकू ही मराठीच्याही कुळातली भाषा नाही, गोंडीच्याही नाही, ती मुंडा कुळातली. तिथे तर आम्ही वलगावकरसुद्धा पाहुणे. तिथे जाऊन चार मात्रा कापून आणायच्या असतील तर जाऊ नये.

आणि पोळ्याला या. तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे झडत्या म्हणतात. एकाने म्हणायची, दुसऱ्याने त्यावर चढवायची, आणि सगळ्यांनी महादेवाचा गजर करून ती उचलायची. कापसाचा भाव, सावकार, पुढारी, विमा, न आलेला पाऊस, सगळं त्यात येतं. त्या ध्वनिमुद्रित करून नेल्या तरी पुढल्या पोळ्याला पुन्हा यावं लागेल, कारण भाव बदललेला असेल आणि झडत्याही.